नेमणुकीचा हक्क कोणाचा? साम्यवादी राजवटी आणि कॅथलिक प्रापंचिकांचा प्रतिकार

साम्यवादी राजवटींनी धर्माचा छळ केला, हे विधान इतक्यांदा उच्चारले गेले आहे की त्यामागील एक महत्त्वाचा तपशील वाचकाच्या नजरेतून सहसा निसटतो. १९६७ साली सर्व प्रार्थनास्थळे एकजात बंद करून आपला देश निरीश्वरवादी असल्याची द्वाही फिरविणारा आल्बानिया वगळला, तर यांपैकी बहुतेक सरकारांना कॅथलिक चर्च समूळ नष्ट करण्यापेक्षा ते आपल्या मुठीत घेऊन चालू ठेवणेच अधिक सोयीचे वाटले. ख्रिस्तमंदिरे उभी राहावीत, मिस्सा होत राहावी, धर्मगुरूंचा योगक्षेमही चालावा. मात्र बिशपाच्या पीठावर कोणाला बसवावे, त्याने कोणते पत्रक भाविकांना वाचून दाखवावे आणि रोमशी पत्रव्यवहार ठेवावा किंवा कसे, याचा निर्णय सरकारी खात्याने करावा, अशी एकंदर योजना होती. या योजनेस झालेल्या प्रतिकाराचा इतिहास बहुधा तुरुंगात खितपत पडलेल्या बिशपांच्या चरित्रांतून सांगितला जातो, आणि त्या चरित्रांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि देशोदेशींच्या हकिगती शेजारी शेजारी ठेवून वाचल्या असता असे आढळते की वादाचे मूळ सर्वत्र नेमणुकीच्या हक्कात होते, आणि त्याचा निकाल बव्हंशी, कोणाची मिस्सा ऐकावयाची व कोणाची टाळावयाची हे मुकाट्याने ठरविणाऱ्या प्रापंचिकांनी लावला.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला हा वाद समजून घेण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही. शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान १९०८ साली खुद्द महाराजांच्या हयातीत स्थापन झाले. सार्वजनिक न्यासांच्या कायद्याप्रमाणे अशा संस्थांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी रुजू होतात, आणि त्यात कोणाही भक्ताला उपमर्द वाटत नाही. परंतु त्याच दप्तरातून उद्या असा हुकूम सुटला की काकडआरतीला कोणते अभंग म्हणावेत आणि पंढरीस निघणाऱ्या पालखीने कोणत्या गावी मुक्काम करावा हे यापुढे सरकार ठरवील, तर हिशेब तपासणे आणि उपासना तपासणे यांतील अंतर निरक्षर वारकऱ्यालाही क्षणात उमगेल. कॅथलिक पंथात हे अंतर अधिकच तीव्र होते, कारण तेथे बिशप हा नुसता व्यवस्थापक नसतो. ख्रिस्ताच्या प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरेचा तो वाहक समजला जातो, आणि पोपच्या आज्ञेवाचून त्याचा अभिषेक झाला तर तो अभिषेक धर्मशास्त्रदृष्ट्या घडतो खरा, पण तो देणारा आणि घेणारा असे दोघेही चर्चबाहेर पडतात. ही बारीक तरतूद पुढे चीनमधील लक्षावधी भाविकांच्या मनस्तापास कारणीभूत झाली, म्हणून ती आरंभीच सांगून ठेवणे बरे.

नेमणुकीचा हा तंटा साम्यवाद्यांनी उकरून काढला, असे मात्र कोणी समजू नये. युरोपातील राजेरजवाड्यांनी शतकानुशतके हाच हक्क सांगितला, आणि पोर्तुगालच्या राजाला तर पूर्वेकडील बिशप सुचविण्याची सनद स्वतः रोमनेच दिली होती. त्या सनदेपायी मुंबई बेटात जी भाऊबंदकी माजली ती महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासातील एक विलक्षण प्रकरण आहे. १७९४ साली ईस्ट इंडिया कंपनीने बेटातील चर्चे गोव्याच्या आर्चबिशपचा पक्ष आणि रोमच्या प्रचारसंस्थेचा पक्ष यांच्यात वाटून दिली, तेव्हापासून एकाच गावात दोन बिशपांचा अंमल सुरू झाला. १८५३ साली, म्हणजे निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले त्याच वर्षी, माहीमच्या सेंट मायकेल चर्चमधील बहुसंख्य भाविक गोव्याच्या पक्षास मिळाले असता रोमचे प्रतिनिधी बिशप अनास्तासियस हार्टमन यांनी त्या चर्चमध्ये स्वतःला कोंडून घेतले. बाहेरून भाविकांनी वेढा दिला, आणि कित्येक दिवसांनी सरकारी अंमलदारांनी मध्ये पडून चर्च वेढा घालणाऱ्यांच्या पदरात टाकले. येथे प्रापंचिक लढले ते रोमच्या माणसाविरुद्ध आणि राजाच्या सनदेच्या बाजूने, ही गोष्ट चर्चच्या स्वातंत्र्याचे एकसुरी पोवाडे गाणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या सनदेचे शेपूट तर आपल्या स्वातंत्र्यानंतरही वळवळत होते. कारण १९२८ च्या तहनाम्यान्वये मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा असे ठरले होते, आणि १९५० साली पोर्तुगालने हा हक्क सोडल्यानंतरच व्हॅलेरियन ग्रेशस हे भारतीय गृहस्थ त्या पीठावर विधिवत बसू शकले. तीन वर्षांनी ते भारताचे पहिले कार्डिनल झाले.

पोर्तुगालच्या राजाला जे दिले ते लोकांच्या सरकारला का देऊ नये, असा प्रश्न साम्यवादी मुत्सद्द्यांनी विचारला, आणि तो सर्वस्वी गैरवाजवी नव्हता. त्याचे उत्तर इतकेच की राजा कितीही स्वार्थी असला तरी तो त्याच धर्माचा अनुयायी होता आणि त्याच्या शिफारशीवर शेवटची मोहोर रोमची लागत असे. नव्या राज्यकर्त्यांना ती मोहोरच नको होती.

रोमची मोहोर पुसून टाकण्याच्या या मार्गाचे सर्वांत उघडेवाघडे दर्शन पश्चिम युक्रेनमध्ये झाले. तेथील ग्रीक-कॅथलिक चर्चचे प्रमुख योसिफ स्लिपी आणि इतर बिशप यांना १९४५ च्या एप्रिलात अटक करून, एकही बिशप मोकळा उरला नसताना, मार्च १९४६ मध्ये ल्वीव येथे एक धर्मसभा भरविण्यात आली आणि १५९६ पासून चालत आलेले रोमशी ऐक्य रद्द झाल्याचा ठराव तीत मंजूर करून घेण्यात आला. चर्च कागदोपत्री नाहीसे झाले. प्रत्यक्षात ते स्वयंपाकघरांत, रानांत आणि निर्वासनाच्या छावण्यांत त्रेचाळीस वर्षे चालले, आणि १९८९ च्या सप्टेंबरात ल्वीवच्या रस्त्यांवर उतरलेल्या प्रचंड जनसमुदायानंतर, त्याच वर्षअखेर, सोव्हिएत सरकारला त्याच्या नोंदणीस मोकळीक द्यावी लागली. हंगेरीचे कार्डिनल मिंडसेंटी यांचा १९४९ चा खटला जगभर गाजला, त्यांना जन्मठेप झाली, १९५६ च्या उठावात ते सुटले आणि पुढे १९७१ पर्यंत बुडापेस्टच्या अमेरिकन वकिलातीत अडकून पडले. पण खुद्द हंगेरीत त्यांच्या पश्चात बिशपांनी सरकारशी जुळवून घेतले, आणि प्रतिकाराचा विचार करता तो देश यानंतर मागे पडतो.

पोलंडची गोष्ट वेगळी आणि अधिक शिकविणारी आहे. कार्डिनल विशिन्स्की हे हटवादी नव्हते. १९५० च्या एप्रिलात त्यांनी साम्यवादी सरकारशी लेखी समझोता केला होता आणि त्याबद्दल रोममध्ये भुवयाही उंचावल्या होत्या. परंतु फेब्रुवारी १९५३ मध्ये चर्चमधील प्रत्येक पदाच्या नेमणुकीस आणि बरतर्फीस सरकारी संमती आवश्यक करणारे फर्मान निघाले, तेव्हा ८ मे रोजी पोलिश बिशपांनी यापुढे आम्हांस माघार घेणे शक्य नाही असे कळविले, आणि सप्टेंबरात विशिन्स्कींना स्थानबद्ध करण्यात आले. तीन वर्षांनी ते सुटले तेव्हा सरकारने फर्मान सोडून दिले, पण नेमणुकीवरील नकाराधिकार राखून ठेवला. पुढे क्राकोच्या रिकाम्या पीठासाठी विशिन्स्कींनी सुचविलेली एकामागून एक नावे पक्षाच्या पुढाऱ्यांनी नाकारली, आणि राजकारणात फारसे लक्ष न घालणारा, तत्त्वज्ञानात रमलेला माणूस म्हणून ज्याच्या नावास त्यांनी आनंदाने रुकार दिला ते गृहस्थ म्हणजे कारोल वोयतिवा. चौदा वर्षांनी तेच पोप दुसरे जॉन पॉल झाले. नकाराधिकार वापरणाऱ्यांच्या पदरी इतिहासाने क्वचितच इतके चोख माप घातले असेल.

पोलिश प्रापंचिकांचे खरे रणांगण होते नोवा हुता, म्हणजे क्राकोशेजारी पोलादाच्या कारखान्याभोवती वसविलेले, हेतुपुरस्सर चर्चवाचून आखलेले आदर्श कामगारनगर. चर्चसाठी आधी परवानगी मिळाली, मग ती फिरविण्यात आली, आणि एप्रिल १९६० मध्ये त्या जागेवर उभा केलेला क्रूस काढण्यास मजूर आले तेव्हा प्रथम बायका आणि मग पाळी संपवून आलेले कामगार पोलिसांशी भिडले. ज्या वर्गाच्या नावाने राज्य चालले होते त्याच वर्गाने, त्याच राज्याच्या पोलिसांशी, क्रूसासाठी मारामारी करावी, हे दृश्य सिद्धांतात बसणारे नव्हते. चर्च अखेर बांधले गेले, १९७७ च्या मे महिन्यात क्राकोचे आर्चबिशप वोयतिवा यांनी ते अर्पण केले.

लिथुआनियातील प्रतिकाराचे हत्यार टंकलेखनयंत्र होते. १९७२ च्या मार्चपासून तेथे एक गुप्त वार्तापत्र निघू लागले, ज्यात कोणत्या शाळेत कोणत्या मुलाला प्रार्थनेला गेल्याबद्दल उभे केले, कोणत्या धर्मगुरूला मुलांना धर्मशिक्षण दिल्याबद्दल शिक्षा झाली, कोणत्या गावचा क्रूस रात्री उखडला गेला, यांच्या नोंदी तारीखवार आणि शक्य तेथे नावानिशी दिलेल्या असत. भाष्य थोडे, विशेषणे त्याहून थोडी. कार्बन लावून प्रती काढावयाच्या, त्या हातोहात पोहोचवावयाच्या आणि काही विदेशी धाडावयाच्या, ही कामे धर्मभगिनी आणि साधे गृहस्थ करीत, आणि सापडले म्हणजे छावणीत जात. संपादक सिगितास तामकेविचियस १९८३ मध्ये पकडले गेले, तरी अंक बंद पडला नाही. १९८९ पर्यंत एकूण ८१ अंक निघाले. त्याच १९७२ साली सतरा हजार लिथुआनियन कॅथलिकांनी ब्रेझनेव्ह यांच्या नावे एक अर्ज सहीनिशी केला आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या मार्फत पाठविला. सोव्हिएत देशात स्वतःचे नाव लिहून अर्ज करणे म्हणजे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा. शाउल्याईजवळची क्रूसांची टेकडी १९६१ साली यंत्रे लावून सपाट करण्यात आली, आणि पुढेही वारंवार सपाट करण्यात आली. लोक रात्री जाऊन पुन्हा क्रूस रोवीत.

या सर्वांत दीर्घ आणि सर्वांत गुंतागुंतीचा अध्याय चीनचा आहे, आणि तो वाचताना चिनी राष्ट्रवादी तक्रारीतील तथ्यांश आधी मान्य केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी चीनमध्ये शिरले ते अपमानकारक तहांच्या छायेत आणि फ्रेंच संरक्षणाखाली. रोमने १९२६ साली सहा चिनी धर्मगुरूंना बिशप केले तरी १९४९ साली लोकसत्ताक राज्य स्थापन झाले त्या वेळी सुमारे तीस लाख कॅथलिकांवर अधिकार चालविणाऱ्यांत बहुसंख्य परदेशीयच होते. स्वतःचे शासन, स्वतःचे अर्थपोषण, स्वतःचा प्रचार अशी जी त्रिसूत्री नव्या सरकारने पुढे केली तिच्यातील पहिल्या दोन कलमांना पुष्कळ चिनी कॅथलिकांचा मनापासून पाठिंबा होता. गाडे अडले ते शासनाच्या कलमाखाली रोमशी संबंध तोडण्याची अट घातली गेली तेथे. १९५१ मध्ये पोपचे प्रतिनिधी आंतोनिओ रिबेरी यांना हद्दपार करण्यात आले, आणि त्याच वर्षी सरकारची वक्रदृष्टी ‘लीजन ऑफ मेरी’ या प्रापंचिकांच्या संघटनेकडे वळली.

ही संघटना १९२१ साली डब्लिन येथे फ्रँक डफ या सरकारी कारकुनाने काढली. तिचे काम म्हणजे आठवड्याची प्रार्थनासभा, आजाऱ्यांची विचारपूस आणि शिकवणी. तिच्या शाखांची नावे प्राचीन रोमन सैन्याच्या धर्तीवर होती, एवढे निमित्त पोलिसांना पुरले. ती प्रतिक्रांतिकारक ठरवून, सदस्यांनी नोंदणी-कचेरीत येऊन आपण एका देशद्रोही टोळीचे सभासद होतो अशी जबानी लिहून द्यावी, म्हणजे प्रकरण मिटेल, असे जाहीर करण्यात आले. शांघायमधील शाळा-महाविद्यालयांतील तरुण-तरुणींपुढे ही अट ठेवली गेली, आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी सही केली. वीस वर्षांच्या पोराने एका कागदावर सही न करणे ही बाब वरवर क्षुल्लक दिसते. पण तिची किंमत पुढे कित्येकांनी श्रमछावण्यांत दहा-दहा, वीस-वीस वर्षे मोजली, आणि ते मोजत असता त्यांना कोणी बिशप दिसत नव्हता, पोपचे पत्र मिळत नव्हते, आणि सुटकेचा मार्ग एका सहीच्या अंतरावर कायम मोकळा होता. या संपूर्ण विषयात मला तरी याहून मोठे काही आढळले नाही.

शांघायचे पहिले चिनी बिशप इग्नेशियस कुंग पिन-मेई यांना ८ सप्टेंबर १९५५ च्या रात्री, दोनशेहून अधिक धर्मगुरू आणि प्रापंचिकांसह, पकडण्यात आले. कबुलीजबाबासाठी त्यांना श्वानशर्यतीच्या मैदानात हजारो लोकांसमोर उभे केले असता त्यांनी ध्वनिक्षेपकावर ख्रिस्तराजाचा आणि पोपचा जयजयकार केला, असे त्या प्रसंगाचे वर्णन आहे. १९६० मध्ये त्यांना जन्मठेप झाली. तीस वर्षांच्या कैदेनंतर १९८५ मध्ये ते तुरुंगाबाहेर आले, आणि १९७९ सालीच पोपने त्यांना मनोमन कार्डिनल केले होते हे जगाला १९९१ मध्ये कळले. दरम्यान जुलै १९५७ मध्ये ‘देशभक्त कॅथलिक संघ’ स्थापन झाला होता, आणि एप्रिल १९५८ मध्ये हांकौ येथे रोमच्या संमतीवाचून पहिले दोन बिशप अभिषिक्त करण्यात आले. पोप बारावे पायस यांनी त्याच वर्षी पत्रक काढून या अभिषेकांचा निषेध केला. कँटनचे बिशप डॉमिनिक टांग यांना बावीस वर्षे खटल्याशिवाय ठेवून १९८० मध्ये सोडले, आणि दुसऱ्याच वर्षी पोपने त्यांना आर्चबिशप नेमताच पेकिंगने ती नेमणूक धुडकावून लावली.

येथे क्षणभर थांबून कुंग यांना अटक झाली त्या वर्षाच्या वऱ्हाडाकडे पाहिले पाहिजे. मे १९५५ मध्ये, त्या अटकेच्या चार महिने आधी, रोमने नागपूर महाधर्मप्रांतातून अमरावतीचा नवा धर्मप्रांत वेगळा काढला, त्यात बुलढाणा जिल्हा आला, आणि जोसेफ रोझारिओ यांना त्याचे पहिले बिशप नेमले. त्यासाठी नागपूरच्या वा दिल्लीच्या सरकारची सही लागली नाही. आणि तरीही ते दिवस या भागातील कॅथलिकांना निर्धास्तपणाचे नव्हते; कारण आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रदेश राज्यात होता, आणि त्या राज्याच्या शुक्ल मंत्रिमंडळाने एप्रिल १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनांच्या कामाची चौकशी करण्यास समिती नेमली होती. समितीत वर्ध्याचे गांधीवादी प्राध्यापक एस. के. जॉर्ज हे एकमेव ख्रिस्ती सभासद होते. तिने काढलेल्या लांबलचक प्रश्नावलीने संतप्त झालेल्या कॅथलिकांनी सहकार्य काढून घेतले आणि १९५५ मध्ये उच्च न्यायालयाकडे धाव घेतली. पुढच्या वर्षीच्या एप्रिलात न्यायालयाने अर्ज फेटाळला, कारण माहिती गोळा करण्यास समिती नेमणे हे सरकारच्या अधिकारातील असून त्याने मूलभूत हक्कांचा भंग होत नाही असे त्यास वाटले. समितीच्या अहवालात ज्या शिफारशी होत्या त्यांपैकी एक अशी की भारतातील ख्रिस्ती मंडळ्यांनी परकीय साहाय्यावर अवलंबून नसलेले एक संयुक्त स्वतंत्र चर्च स्थापन करावे.

खामगाव, मलकापूर या बाजूस अमेरिकन अलायन्स मिशनने उभ्या केलेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांना ही शिफारस फार तर अनाहूत सल्ला वाटली असेल. रोमशी ऐक्य हेच ज्यांच्या श्रद्धेचे एक कलम आहे त्या कॅथलिकांना मात्र तिच्यात पेकिंगच्या त्रिसूत्रीचा प्रतिध्वनी ऐकू आला असल्यास आश्चर्य नाही. फरक होता तो पुढच्या पावलाचा. नागपुरास शिफारस झाली आणि ती कागदावर राहिली. मुंबईच्या कॅथलिक असोसिएशनने १९५७ मध्ये तिचे जाहीर खंडन ग्रंथरूपाने छापले आणि कोणाला त्याबद्दल मुचलका लिहून द्यावा लागला नाही. अहवालानंतर काही महिन्यांतच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, वऱ्हाड मुंबई राज्यात गेल्यामुळे आपल्या जिल्ह्यापुरता तर त्याचा संबंधच तुटला. कोर्टात हरलेला माणूस घरी परत जाऊ शकतो की नाही, यावरून मी राज्यांची पारख करतो.

भारतात कॅथलिकांची साम्यवादी सरकारशी समोरासमोर गाठ पडली ती केरळात. ५ एप्रिल १९५७ रोजी नंबुद्रीपाद यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि शिक्षणमंत्री जोसेफ मुंडशेरी यांनी, जे स्वतः कॅथलिक कुळातले होते, खाजगी शाळांतील शिक्षकांच्या नेमणुका आणि वेतन यांवर सरकारी नियंत्रण आणणारे विधेयक मांडले. राष्ट्रपतींनी ते सर्वोच्च न्यायालयाच्या सल्ल्यासाठी पाठविले, मे १९५८ मध्ये न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या संस्थांपुरत्या त्यातील काही तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या, आणि विधेयक दुरुस्त झाले. एवढ्यावर भागावयास हरकत नव्हती. परंतु जून १९५९ मध्ये चर्च, मन्नत पद्मनाभन यांची नायर सेवा संस्था आणि काँग्रेस यांनी मिळून ‘विमोचन समर’ पुकारले, अंगमालीत पोलिसांच्या गोळीबारात सात जण ठार झाले, आणि ३१ जुलै रोजी केंद्राने निवडून आलेले मंत्रिमंडळ बरखास्त केले.

कॅथलिक लेखक या लढ्याला शांघाय आणि नोवा हुताच्या पंक्तीस बसवितात. मला ते मान्य नाही. केरळात कोणीही बिशपाच्या पीठाला हात घातला नव्हता, रोमचा पत्रव्यवहार अडविला नव्हता, मिस्सेवर पहारा बसविला नव्हता. प्रश्न शाळांचा, त्यांतील नोकऱ्यांचा आणि बऱ्याच अंशी जमिनींचा होता, आणि पिचलेल्या शिक्षकांची बाजू मुंडशेरी मांडीत होते ती पूर्णतः निराधार नव्हती. न्यायालयाचा दरवाजा उघडा असून, तेथे अंशतः जिंकूनही, ज्यांनी रस्ता धरला त्यांचे धाडस मान्य करावे. पण ज्यांच्यापुढे कोणताच दरवाजा नव्हता त्यांच्याशी त्यांची तुलना करू नये. या लढ्यातील एक धडाडीचे धर्मगुरू जोसेफ वडक्कन यांनी काही वर्षांतच शेतमजुरांचा पक्ष काढून १९६७ मध्ये नंबुद्रीपादांशीच हातमिळवणी केली, हेही नोंदवून ठेवावयास हवे.

चीनच्या प्रतिकाराला १९८० नंतर जे वळण लागले ते मात्र युरोपात क्वचितच दिसते. चर्चे पुन्हा उघडली, देशभक्त संघ पुन्हा बसला, आणि तुरुंगातून बाहेर आलेल्यांना दोनांपैकी एक रस्ता निवडावा लागला. बाओडिंगचे बिशप फान शुएयान यांनी १९८१ मध्ये, रोमची पूर्वसंमती मिळविण्याचा मार्गच नसल्यामुळे, तीन बिशपांचा गुप्त अभिषेक केला आणि पोपने तो मागाहून मान्य केला; म्हणजे रोमच्या हक्कासाठी झगडणाऱ्यांनाच रोमला न विचारता नेमणुका कराव्या लागल्या. असाच प्रकार चेकोस्लोव्हाकियात फेलिक्स डाविडेक यांच्या भूमिगत मंडळीत झाला, आणि तेथे तर एका स्त्रीलाही गुरुदीक्षा दिली गेली, जी रोमने कधीच मान्य केली नाही. उलटपक्षी, सत्तावीस वर्षे कैद आणि नजरकैद भोगून आलेले येशूसंघीय जिन लुशियान यांनी सरकारमान्य बिशपपद पत्करले, पडलेली गुरुकुले उभी केली, ग्रंथ छापले, आणि मरेपर्यंत अर्ध्या शांघायने त्यांना तारणहार व अर्ध्याने विश्वासघातकी म्हटले. त्यांना दोष देणे मला जमत नाही. सत्तावीस वर्षे आत राहिलेल्या माणसाच्या तडजोडीचे माप, बाहेर बसून लेख लिहिणाऱ्याजवळ नसते.

प्रापंचिकांनी मात्र या गोंधळात आपला एक साधा निकष शोधून काढला होता. सरकारमान्य बिशपांपैकी पुष्कळांनी चोरून रोमला पत्र धाडून क्षमा आणि मान्यता मागितली होती. गावोगावचे भाविक कुजबुजीने तपास काढीत, आणि ज्याला ती मान्यता मिळाली नसेल त्याच्या मिस्सेला जाणे हळूहळू बंद करीत. बहिष्काराचा ठराव नाही, मोर्चा नाही, बाके रिकामी. या रिकाम्या बाकांच्या भीतीने, पुढे सरकारी निवड झालेले उमेदवारही अभिषेकापूर्वी रोमचा होकार मिळविण्याची धडपड करू लागले, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी सरकारमान्य बिशपांतील बहुसंख्य रोमलाही मान्य झालेले होते. हपेई प्रांतातील डोंगलू या मरियामातेच्या यात्रेच्या गावी १९९६ मध्ये फौजेचा वेढा पडला, तेव्हा तेथील यात्रा थांबली. भक्ती थांबली नाही. ७ जुलै २०१२ रोजी शांघायचे नवे साहाय्यक बिशप मा डाचिन यांनी आपल्या अभिषेकाच्या दिवशीच, यापुढे देशभक्त संघात राहणे आपणास योग्य वाटत नाही, असे भर चर्चमध्ये जाहीर केले, आणि जमलेल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या रात्रीपासून ते शेशान टेकडीवरील गुरुकुलात अडकले.

२२ सप्टेंबर २०१८ रोजी रोम आणि पेकिंग यांच्यात बिशपांच्या नेमणुकीविषयी तात्पुरता करार झाला आणि रोमच्या संमतीवाचून अभिषिक्त झालेल्या, त्या वेळी हयात असलेल्या सात बिशपांना क्षमा मिळाली. मिंदोंग धर्मप्रांतात भूमिगत बिशप गुओ शिजिन यांना, त्यांच्या पीठावर सरकारच्या माणसाला बसविता यावे म्हणून, खालच्या पदावर यावे लागले. हाँगकाँगचे वृद्ध कार्डिनल झेन यांनी या कराराचा कडाडून निषेध केला. मला त्यांची भाषा क्वचित अतिरेकी वाटते, पण त्यांचा प्रश्न रास्त वाटतो. फाटलेले चर्च सांधण्याचा पोप फ्रान्सिस यांचा हेतूही खोटा नव्हता. परंतु एप्रिल २०२३ मध्ये सरकारने शेन बिन यांना रोमला न विचारता शांघायच्या, म्हणजे कुंग यांच्या, पीठावर आणून बसविले, आणि जुलैमध्ये रोमने ते कायम केले, तेव्हा कराराच्या कोणत्या बाजूला वजन आहे हे स्पष्ट झाले. माझ्या मते रोमने येथे, ज्या प्रापंचिकांनी त्याच्या वतीने सहीस नकार दिला, त्यांना पुरेसे विचारात घेतले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा करार आणखी चार वर्षांसाठी वाढविण्यात आला. त्याचा मजकूर आजतागायत कोणत्याही पक्षाने प्रसिद्ध केलेला नाही.